आठवा कंडेन्सर

"माझ्या नवऱ्यानं मला तीन वर्षं मारलं," ईप्सिता म्हणाली. "पण प्रतापकाकांना त्यानं मारलेलं नाही. त्यांचा जीव कुणी घेतला, ते तुम्ही शोधून काढा."

दत्तात्रय वर्तकांनी हातातला कप खाली ठेवला. समोर बसलेल्या, त्यांनीच गाडीनं आणलेल्या मुलीचं वय तिशीच्या आतलं. डाव्या डोळ्याखालचा माराचा जुना डाग आता पिवळट झाला होता आणि उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत होती.

जर्मनीतल्या मानहाइम शहरात, त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात खाजगी गुप्तहेर म्हणून पाटी होती ती विभावरी टिपणीस यांची. बाई दहा वर्षं एका विमा कंपनीसाठी जळालेली घरं तपासत होत्या. कुठली तार का जळाली, हे राखेतून सांगायच्या. वर्तक त्यांचे शेजारी. नदीपलीकडच्या लुडविग्सहाफेनच्या रासायनिक कारखान्यात बावीस वर्षं काढून नुकतेच निवृत्त झालेले. ते बाईंची गाडी चालवत, सोबत हिंडत, आणि उलगडा नेहमी सगळ्यांत शेवटी त्यांनाच होई. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे.

या वेळी मात्र त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. प्रताप सबनीस त्यांचा गेल्या वीस वर्षांपासूनचा मित्र, पेशानं इंजिनियर. गेल्या शनिवारी, ११ मार्च २००६ ला, लुडविग्सहाफेनमधल्या आपल्या तळघरात तो मरून पडला. तिथे तो जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचा. चार किलोच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरनं कुणीतरी त्याच्या डोक्यात तीन घाव घातले होते. संध्याकाळी सहाला यमुनावहिनी जिना उतरल्या तेव्हा तळघरात संगीत चालू होतं. ओढलं की आपोआप बंद होणारं ते दार किल्लीनं उघडलं तर नवरा रक्तात पालथा, आणि कोपऱ्यातल्या तिपाईवर १९३८ सालचा रेडिओ सुरात गात होता.

तो रेडिओ वर्तकांचा. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांनीच हौसेनं घेतलेला. 'एकदा बोलता करून दे' म्हणून त्यांनीच प्रतापच्या मागे लागून तो तिथे ठेवला होता.

ईप्सिताची हकिगत सरळ होती. तिचा नवरा कपिल स्टुटगार्टजवळ त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. फेब्रुवारीत त्यानं तिची बोटं दारात चिरडली, तेव्हा ती पळाली आणि ओळखीच्या सबनीस दांपत्याकडे आली. कपिलनं फोनवर प्रतापला जिवे मारायची धमकी दिली. शनिवारी साडेचारला तो इमारतीतून तणतणत बाहेर पडताना दोघांनी पाहिला. पोलिसांनी रात्रीच त्याला उचललं.

"मग तो निर्दोष कशावरून?" विभावरींनी विचारलं.

"चार पस्तीसला त्यानं माझ्या मोबाइलवर फोन केला होता. शिव्या देत होता. म्हणाला, म्हातारा आत रेडिओ लावून बसलाय आणि दार उघडत नाही. मॅडम, मारून झालं की तो शांत होतो. मला माहीत आहे ना. त्या दिवशी तो शांत नव्हता." ती जरा थांबली. "माझ्याशी जे केलं त्यासाठी त्याला शिक्षा व्हावी. पण काकांना मारणारा मोकळा फिरावा, हे मला चालणार नाही."

---

त्याच दुपारी ते तळघरात उतरले. पोलिसांनी सकाळीच सील काढलं होतं.

भिंतीवरचे डाग पाहून वर्तकांनी नजर खाली वळवली. टेबलावर रक्त वाळून काळं पडलं होतं. पायाखाली फुटलेल्या व्हॉल्व्हची काच करकरत होती. विभावरी मात्र खिशात हात घालून पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या.

मग त्यांनी यमुनावहिनींना विचारलं, "या दोन खुंट्या कशाच्या?"

वहिनी दारातच उभ्या होत्या. आत यायचं त्यांचं धाडस होत नव्हतं. त्यांनी सांगितलं, दोन निळे कोट असत. एक ह्यांचा, तो अंगावरच होता. दुसरा, कुणी मदतीला बसलं तर त्याच्यासाठी. तो आता कुठे गेला, ठाऊक नाही.

टेबलाच्या कडेला लाकडी फळीवर एक साधा बल्ब बसवलेला होता. दुरुस्त केलेला रेडिओ प्रताप कधीच थेट भिंतीतल्या विजेवर लावत नसे. आधी या बल्बमधून वीज द्यायची. आत काही चुकलं असेल तर बल्ब भगभगतो आणि रेडिओ वाचतो. हा नियम त्यानं वर्तकांना पन्नासदा ऐकवला होता. आता बल्बची वायर गुंडाळी करून खिळ्याला अडकवलेली होती आणि रेडिओचा प्लग थेट भिंतीत होता.

"घाईत असेल," वर्तक म्हणाले.

विभावरी तिपाईपाशी वाकल्या. त्यांनी रेडिओची मागची बाजू न्याहाळली. बोटांच्या ठशांसाठी पोलिसांनी टाकलेली काळी पूड झाकणाच्या स्क्रूंच्या खाचांत तशीच बसलेली होती. म्हणजे पोलिसांनी किंवा त्यांच्यानंतर कुणीही ही पेटी उघडलेली नव्हती. त्या खाचांचे एक-दोन फोटो काढून बाईंनी स्क्रू सोडवले आणि आतली चासी, म्हणजे ज्या लोखंडी पत्र्यावर सगळे भाग बसवलेले असतात तो सांगाडा, बाहेर काढून उलटी ठेवली.

"कंडेन्सर मोजा, वर्तक."

वर्तकांनी मोजले. आठ. सात जुने, तपकिरी कागदी नळीचे. आठवा नवा, पिवळाधमक, उघडाच बसवलेला.

"सात मूळचेच दिसतात," ते म्हणाले.

"नीट बघा. नळ्यांची टोकं."

प्रत्येक नळीचं तोंड ताज्या मेणानं बंद केलं होतं. जुनी नळी पोखरायची, आत नवा कंडेन्सर लपवायचा आणि वरून मेण ओतायचं, ही प्रतापची पद्धत. रेडिओ बरा झालेला दिसावा, नवा झालेला नको, असं तो म्हणे. टेबलावर रक्तानं भरलेल्या पसाऱ्यात आठवी नळी पडली होती. पोखरून, घासून तयार केलेली, रिकामी.

विभावरींनी भिंग वर्तकांच्या हातात दिलं. पिवळ्या कंडेन्सरच्या खाली पत्र्यावर बारीक तपकिरी ठिपके होते. तसेच शेजारच्या नळ्यांवरही. पिवळ्या कंडेन्सरवर मात्र एकही नव्हता.

"सोल्डरिंगची राळ उडाली असेल," वर्तक म्हणाले.

"राळ स्पिरिटमध्ये विरघळते ना? तुम्ही केमिस्ट. एकच ठिपका पुसून बघा, बाकीचे राहू देत."

वर्तकांनी स्पिरिटचा बोळा कडेच्या एका ठिपक्यावर धरला. ठिपका विरघळला नाही. मग गंज असेल, असं ते म्हणाले. पत्र्याला जस्ताचा मुलामा आहे, हे त्यांना दिसत होतं. तरी त्या क्षणी त्यांना दुसरं काही सुचलं नाही. बाईंनी सगळं होतं तसं परत बसवलं.

जिना चढताना वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. आठवडाभर प्रताप धड जेवला नव्हता. गेल्या शरद ऋतूत कारखान्यांना माल पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत दाबाची टाकी फुटून दोन कामगार भाजून मेले. त्या चौकशी समितीवर प्रताप होता. 'टाकी न तपासताच कुणीतरी सही केली आहे,' तो म्हणाला होता. 'त्याला आधी स्वतः बोलायची संधी देतो. सोमवारी मी बोलणारच.' नाव मात्र त्यानं सांगितलं नाही.

---

तळघराच्या डोक्यावर तळमजल्याला हेर ब्रेनाइस, म्हणजे श्रीयुत ब्रेनाइस, राहत. वय शहात्तर, जन्मभर रेडिओ मेकॅनिक. प्रतापशी त्यांचं हाडवैर. इंडियन माणूस आपला धंदा हौस म्हणून करतो, हे त्यांना सहन होत नसे. वर्तकांना वाटलं, हाच तो. कसब आहे, राग आहे आणि अंतर फक्त एका जिन्याचं.

म्हाताऱ्यानं कॉफी ओतली आणि निम्मी बशीत सांडली. त्याचे दोन्ही हात सतत थरथरत होते. सहा वर्षांपासून असंच आहे, असं त्यानंच तुटकपणे सांगितलं.

विभावरींनी खुनाबद्दल काहीच विचारलं नाही. आवाजाच्या तक्रारींची वही ठेवता का, एवढंच विचारलं. म्हातारा खुलला. दुपारी एक ते तीन शांतता पाळायची असते, आणि ती मोडली की तो मिनिटासकट लिहून ठेवी. पोलिसांनी वही मागितली नव्हती, म्हणून त्यानं दाखवली नव्हती. शनिवारच्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरांत दोनच ओळी होत्या. १४.१०, जड ठोकाठोक, तीनदा. १४.३५ पासून रेडिओ, संध्याकाळपर्यंत.

"खाली दहा रेडिओ आहेत," बाहेर आल्यावर वर्तक म्हणाले. "कुठलाही वाजत असेल."

"बाकीच्या नऊंत व्हॉल्व्हच नाहीत. ते खोक्यात भरून ठेवलेत. पाहिलं नाहीत?"

वर्तकांनी पाहिले होते. मोजले नव्हते, इतकंच.

---

शुक्रवारी ते उल्हास गोवंडेकडे गेले. उल्हास दाबाच्या टाक्यांची तपासणी करणारा इंजिनियर आणि मराठी मंडळाच्या नाटकांचा हौशी नट. प्रतापला जिवंत पाहणारा शेवटचा माणूस तोच, म्हणून पोलिसांनी त्याचा जबाब घेतला होता. त्यानं तोच जबाब पुन्हा सांगितला. दीडला तो तळघरात गेला, कुठूनसे मिळवलेले दोन व्हॉल्व्ह द्यायला. अडीचला निघाला. तेव्हा रेडिओ अक्षरशः कोथळा काढल्यासारखा टेबलावर पडला होता. आठही कंडेन्सर सुटे, आणि बिघाड कुठे आहे ते प्रतापला अजून सापडलंही नव्हतं. तीनला उल्हास मानहाइमला तालमीत पोचला आणि रात्रीपर्यंत तिथेच होता. वीस माणसं साक्षीला होती.

पोलिसांच्या तज्ज्ञानं हिशोब केला होता: तसा सुटा पडलेला रेडिओ जोडून वाजता करायला निदान दोन तास लागतात. म्हणजे प्रताप साडेचारपर्यंत जिवंत होता. आणि साडेचारला दारात कपिल.

उल्हासचे डोळे भरून आले. सांगलीला त्याच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. प्रतापला सोल्डरिंग आयर्न धरायला त्यानंच शिकवलं, असं तो म्हणाला. त्या दिवशी प्रतापचं चित्त ठिकाणावर नव्हतं, नाहीतर एवढा चोखंदळ माणूस अडतीस सालच्या रेडिओत पिवळा कंडेन्सर उघडाच ठेवील का, असं म्हणून त्यानं नाक पुसलं. वर्तकांना ते पटलं. त्यांनी मान डोलावली आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

गाडीत बसल्यावर विभावरींनी वर्तकांना जरा थांबायची खूण केली. मग त्यांनी दोन फोन केले. एक पोलिसांच्या तपास अधिकारी, कोमिसारिन लुट्झ यांना आणि एक मराठी मंडळाच्या सेक्रेटरीला.

शनिवारी त्या वकिलासोबत कपिलला तुरुंगात भेटून आल्या. वर्तक बाहेर थांबले होते. कपिल काय म्हणाला, ते बाईंनी परतताना सांगितलं: "मी दार बडवलं, त्यानं उघडलं नाही. उघडलं असतं तर मी त्याला मारलंच असतं."

---

सोमवारी सकाळी अकराला सगळे तळघरात जमले. कोमिसारिन लुट्झ दाराशी उभ्या होत्या. यमुनावहिनी आणि हेर ब्रेनाइस खुर्च्यांवर. उल्हास टेबलाला टेकून. ईप्सिता वर घरात थांबली होती. विभावरी जर्मनमध्ये बोलत होत्या, मधूनमधून वहिनींसाठी मराठीत. चासी टेबलावर उलटी ठेवलेली होती आणि बाईंच्या सांगण्यावरून वर्तकांनी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं होतं. पिवळा कंडेन्सर पुरावा म्हणून सोडवून पोलिसांना द्यायचा होता.

"हा खून साडेचारला झाला, असं आपण समजतो," त्या म्हणाल्या. "कारण रेडिओ वाजत होता, आणि तो प्रतापरावांनीच दुरुस्त केला असणार, असं आपण धरून चाललो. पण शेवटचं काम त्यांच्या हातचं नाही. सात कंडेन्सर त्यांनी जुन्या नळ्यांत लपवले. आठव्यासाठी नळी पोखरून तयार होती, तरी तो उघडाच बसला. रेडिओ बल्बमधून न घेता थेट विजेवर लावला गेला. हे घाईचं काम आहे, आणि दुसऱ्या माणसाचं."

"हा नुसता तर्क झाला," उल्हास म्हणाला.

"तर्क इथवरच. आता हे बघा." त्यांनी भिंग कोमिसारिनना दिलं. "चासीच्या पोटात ठिपके आहेत. वर्तकांना आधी ती राळ वाटली. स्पिरिटनं ती विरघळली नाही. मुलामा दिलेल्या पत्र्यावर गंजही नाही. तुमच्या प्रयोगशाळेनं काल काय ते सांगितलं आहे."

"सबनीसांचं रक्त," लुट्झ म्हणाल्या.

"खून साडेचारला झाला असता, तर ही चासी बंद पेटीत असती. आत रक्त कसं उडेल? घाव पडले तेव्हा ती अशीच, उघडी, उलटी, टेबलावर होती. रक्त पत्र्यावर आहे, सात नळ्यांवर आहे. पिवळ्या कंडेन्सरवर नाही, आणि त्याच्या बरोबर खाली मात्र आहे. म्हणजे आधी प्रतापराव मेले. मग त्यांच्या देहाशेजारी बसून कुणीतरी आठवा कंडेन्सर जोडला, पेटी बंद केली, रेडिओ लावला आणि दार ओढून घेतलं."

यमुनावहिनींच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

"कोण?" विभावरी पुढे म्हणाल्या. "कपिलला प्रतापरावांनी आत घेतलंच नसतं, शेजारी बसवून कोट देणं तर दूर. दुसरा निळा कोट नाहीसा झाला. तो घालून बसणारा माणूस विश्वासातला होता. हेर ब्रेनाइसना काम येतं, पण त्यांचे हात सोल्डरिंग करू शकत नाहीत. त्यांची वही मात्र बोलते. दोन दहाला तीन घाव. दोन पस्तीसला संगीत. मध्ये पंचवीस मिनिटं. एक कंडेन्सर बसवून पेटी बंद करायला तेवढी पुरतात. गोवंडे, तुम्ही अडीचला निघालात तेव्हा रेडिओचे आठही कंडेन्सर सुटे होते ना? मग पाच मिनिटांत तो गायला कसा लागला?"

उल्हास हसला. म्हातारा वेळ लिहायला चुकला असेल, असं तो म्हणाला.

"चुकला असेल. पण तुम्ही शुक्रवारी चुकलात. पिवळा कंडेन्सर उघडाच ठेवलाय, असं आम्हाला सांगितलंत. ही पेटी पोलिसांनी उघडली नव्हती. स्क्रूंवरची पूड जशीच्या तशी होती. मी उघडली तेव्हा समोर फक्त वर्तक होते. तुम्ही निघालात तेव्हा बिघाडसुद्धा सापडला नव्हता, असं तुमचंच म्हणणं. मग आत काय बसलंय ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

उल्हास टेबलाचा टेका सोडून सरळ उभा राहिला.

"त्या फुटलेल्या टाकीच्या कागदावर सही कुणाची आहे, तेही समितीनं आज सकाळी कळवलंय," विभावरी म्हणाल्या. "आणि रक्ताळलेला तो निळा कोट मंडळाच्या नाटकाच्या पेटीत सापडला. दरबारी झग्यांच्या खाली."

पुढचं सगळं वर्तकांना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. उल्हासनं तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचललं आणि तो विभावरींच्या चेहऱ्यावर धावला. वर्तकांनी विचार केला नाही. विचार केला असता तर उशीर झाला असता. त्यांनी हात मध्ये घातला. त्याचं टोक तळव्यात घुसलं. मांस जळल्याचा वास आला. तो आपल्याच हाताचा आहे, हे त्यांना क्षणभरानं कळलं, आणि तरी त्यांनी मूठ सोडली नाही. उल्हासनं त्यांना टेबलावर रेटलं, त्यांचं डोकं एकदा पत्र्यावर आपटलं, दुसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात हेर ब्रेनाइसनी आपली काठी दोन्ही थरथरत्या हातांनी उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली. गुडघा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पुढच्या क्षणी लुट्झबाईंचा गुडघा उल्हासच्या पाठीवर होता.

जमिनीवरच, गाल फुटक्या काचांवर दाबलेला असताना, तो मराठीत बोलला. "सोमवारपर्यंत मुदत देतो म्हणाला. उपकार केल्यासारखी. म्हणाला, उल्हास, तू स्वतः सांगितलंस तर मेलेल्या दोघांच्या बायकांना तेवढंच बरं वाटेल. आणि मान खाली घालून पुन्हा नळी पोखरायला लागला."

यमुनावहिनी उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि वाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपला पदर फाडला आणि वर्तकांच्या तळव्याला बांधला.

---

त्याच दुपारी ईप्सितानं पोलीस ठाण्यात तीन वर्षांची हकिगत तारीखवार सांगितली. सव्वादोन तास लागले. वर्तक पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून होते. मध्ये एकदा ती पाणी प्यायला बाहेर आली, त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही घरी जा, हात दुखत असेल." ते गेले नाहीत.

बुधवारी कपिल खुनाच्या आरोपातून सुटला. तुरुंगाच्या दारातच त्याच्या हातात कोर्टाचा हुकूम ठेवला गेला: ईप्सिता राहते त्या घराच्या आसपास फिरकायचं नाही, तिला फोन करायचा नाही, आणि मारहाणीच्या खटल्याला हजर राहायचं.

ती अजून यमुनावहिनींकडेच होती. वकिलानं विभावरींना फोन केला तेव्हा सगळे तिथेच जेवत होते. कपिलनं कागद दोनदा वाचला आणि आता तो स्टुटगार्टच्या आगगाडीत बसायला गेला, असं वकील म्हणाला.

"गाडी कितीची?" ईप्सितानं विचारलं.

"एक चाळीसची."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. जेवण झाल्यावर ती तशीच बसून राहिली. पावणेदोन झाले, दोन झाले. मग तिनं उठून पायात बूट घातले, वहिनींना दूध किती आणू विचारलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच एकटी रस्त्यावर उतरली.